उतरलेल्या दराचा फोन

लकडगंजात गिरिधर शेठचं पत्र्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे गोदाम, आणि दोघांच्या मधे काचेचं एक कपाटवजा केबिन. त्या केबिनमध्ये उत्तरा निनावे बसायची. तिचं काम फोनवर बोलायचं. कोणाचा माल निघाला, कोणाचा उद्या निघेल, दर काय झाला, हे सांगायचं. उमरेडपासून ब्रह्मपुरीपर्यंत ज्याला ज्याला छपराला पत्रा लागायचा, त्याला उत्तराचा आवाज ओळखीचा होता. चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिलेला.

पूर्वी ती फोनवर खूप बोलायची. दर वाढल्याचं सांगताना आधी तब्येत विचारायची, पोराच्या लग्नाचं विचारायची, मग हळूच दराकडे यायची. ऐकणारा चिडला तर "आमच्याही हातात काही नाही ना भाऊ" म्हणून हसायची. दुकानातले हमाल म्हणायचे, ताई भाव वाढवते तरी माणूस थँक्यू म्हणून फोन ठेवते.

ते सगळं मुकुंदचा कारखाना बंद पडला तेव्हा थांबलं.

मुकुंद तिचा नवरा. बुटीबोरीच्या एका कारखान्यात पत्र्यावर रंगाचा थर चढवायच्या लाइनवर तो ऑपरेटर होता. लाइन चालू असली की घरी आल्यावरही त्याच्या शर्टाला रंगाचा वास यायचा. मग बाहेर देशातून रंगवलेला पत्रा जहाजांनी यायला लागला, आणि तो इथल्या कारखान्याला पत्रा बनवायला जेवढा खर्च यायचा त्याहूनही स्वस्त मिळू लागला. मालकाने आधी एक पाळी कमी केली, मग एक दिवस गेटवर कागद लावला. मुकुंद दुपारीच घरी परतला आणि डबा तसाच भरलेला ओट्यावर ठेवून दिला.

त्यानंतर तो घरीच होता. नंदनवनातल्या त्या दोन खोल्यांत जे जे खोलून पुन्हा बसवता येतं ते सगळं त्याने खोलून पुन्हा बसवलं. पंखा, नळ, मिक्सर, दाराची कडी. उत्तरा संध्याकाळी स्कूटी लावून वर आली की तो चहा ठेवायचा. ती कामाचं विचारायची नाही, तोही सांगायचा नाही. दुकानात तर ती रोज तोच बाहेरचा स्वस्त पत्रा विकायची. घरी त्याचा उल्लेख कधी झाला नाही. आवाजातलं हसू कधी गेलं ते तिला स्वतःला कळलं नाही. फोनवर ती आता नाव विचारायची, दर सांगायची आणि ठेवायची. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. रात्री झोप लागत होती. काही बिघडलंय असं म्हणायला जागाच नव्हती.

एप्रिल संपत आला होता. दुपारी गिरिधर शेठ मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी तो काउंटरवर उलटा ठेवला.

"लागला बाप्पा एकदाचा," ते म्हणाले. "बाहेरून येणाऱ्या पत्र्यावर बारा टक्के जादा कर. उत्तराबाई, सगळ्यांले फोन लावा. आजपासून नवा रेट."

"ज्यांनी टोकन देऊन ठेवलं आहे त्यांले?"

"त्यांलेबी. माल गाडीत चढन त्या दिवशीचा रेट, हे आपण सगळ्यांले पहिलेच सांगतो. आता दिल्ली कर लावते, कारखानेवाले रेट वाढवते, मी काय खिशातून देऊ?"

त्यांचं खोटं नव्हतं. तोवर देशातल्या कारखान्यांचेही नवे दर आले होते. कर बसला होता बाहेरच्या मालावर, पण तो महागला म्हटल्यावर इथल्यांनी कशाला स्वस्त राहायचं? तेही चढले. उत्तराने फोन घेतला आणि एकेकाला लावत गेली. कोणी शिव्या घातल्या, कोणी हिशेब पुन्हा विचारला, एकाने नुसतं "बरं" म्हटलं. ती सगळ्यांना त्याच सुरात सांगत गेली. त्यातला एक फोन भिवापूरला होता, प्रेमिला रंगारींना.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिला एसटीने दुकानात हजर झाली. चाळिशीची, धडधाकट, खांद्याला कापडी पिशवी. बरोबर एक म्हातारी होती, डोक्यावर ओला दुपट्टा घेतलेली. भिवापूरला मिरचीचे सातरे असतात. मोकळ्या जागेत लाल मिरचीचे ढीग घालतात आणि बाया दिवसभर बसून देठ खुडतात. जेवढं वजन खुडलं तेवढी मजुरी. प्रेमिलाने इतर बायांना घेऊन गट केला होता आणि गटाने स्वतःचा सातरा घेतला होता. त्यावर छप्पर घालायचं ठरलं होतं. उन्हात बसून बसून बाया भाजून निघायच्या, म्हणून. खांब उभे करून गाळे पाडले होते, वरचे लोखंडी पाइपही बसले होते. पत्रा तेवढा राहिला होता.

"कालचा फोन तुमीच केला होता ना ताई?" प्रेमिलाने काचेतून वाकून विचारलं.

"हो, मीच."

"आवाजावरून वळखलं. मले एक समजावून सांगा. आमी मागच्या महिन्यात येऊन पत्रा पसंत करून गेलो. तुमच्या माणसानं त्याच्यावर खडूनं आमच्या गटाचं नाव लिहिलं. तो पत्रा अजून मागं गोदामात पडला आहे, मी आताच पाहून आली. तो तर कराच्या पहिलेचा आहे. मंग त्याच्यावर कर कसा काय लागला?"

गोदामातला हमाल पाय रोवून ऐकत उभा राहिला. शेठ नेमके बँकेत गेले होते.

"त्याच्यावर नाही लागला," उत्तरा म्हणाली. "पण तो विकला की त्याच्या जागी दुसरा आणावा लागते. तो नव्या रेटनं येते."

"अन् हा बाहेर देशातला आहे काय?"

"नाही. तुम्ही पसंत केला तो इथलाच आहे."

"मंग?"

"बाहेरचा महागला, म्हणून इथलाही महागला."

म्हातारी पायरीवर टेकून पाणी पीत होती. तिने तांब्या खाली ठेवला. "म्हंजे ताप त्याले आला अन् गोळी आमी खावावं?" असं म्हणून ती एकटीच खुदकन हसली. मग दुकानाच्या कुलरकडे तोंड करून म्हणाली, "पण कुलर बरा हाय वं तुमचा, पोरी. मी इथंच बसतो, तुमी करा हिशेब."

तिचं नाव पुष्पलता. गटातली सगळ्यांत जुनी बाई. प्रेमिला म्हणाली, "तिच्याच हट्टापायी छप्पर घालून राहिलो. म्हणते, मरायच्या पहिले सावलीत बसून एक पोतं खुडाचं आहे."

"एक नाही, धा," पुष्पलता म्हणाली.

प्रेमिलाने भांडण केलं नाही. तिने पिशवीतून पेन काढलं, तळहातावर काहीतरी मांडलं, खोडलं आणि शेवटी मान वर केली. "शेवटच्या दोन गाळ्यांचा पत्रा कमी करा ताई. तिथं हिरवी जाळी टाकतो. पुढच्या सालाले पाहू."

उत्तराने दोन गाळे कमी केले. पत्रा संध्याकाळी टेम्पोत चढला. खडूने लिहिलेलं नाव हमालाच्या बाहीला घासून अर्धं पुसलं गेलं होतं.

त्याच आठवड्यात मुकुंदला कारखान्यातून फोन आला. लाइन पुन्हा सुरू होत होती. बाहेरचा माल महागल्यावर इथल्या कारखान्याला ऑर्डरी आल्या होत्या. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. मग आत येऊन त्याने जुना युनिफॉर्म काढला, स्वतः धुतला आणि ओला असतानाच इस्त्री फिरवायला घेतली.

"चांगलं झालं," उत्तरा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. म्हणजे, चांगलं झालं हे तिला माहीत होतं. आनंद व्हायला हवा होता तिथे काहीच हललं नाही, तेव्हा तिने डब्यासाठी कणीक जरा जास्त भिजवली.

सासूबाईंनी फोनवर सांगितलं म्हणून तिने पेढे आणले आणि दुकानातही वाटले. गिरिधर शेठनी एक पेढा तोंडात टाकला, एक घरी न्यायला रुमालात बांधला. "पाहा बाई," ते म्हणाले, "एका करानं दोघांचं भलं झालं. जुना माल नव्या भावानं जाऊन राहिला, तुमच्या घरी पगार सुरू झाला. अजून काय पाहिजे?"

"काही नाही," उत्तरा म्हणाली, आणि पुढचा नंबर लावला.

मे महिन्यात प्रेमिला पुन्हा दुकानात आली. या वेळी एकटीच. पत्र्याचे स्क्रू हवे होते. आदल्या आठवड्यात दुपारचं वादळ सुटलं होतं, त्यात काही पत्रे ढिले झाले होते. हिरवी जाळी तर पहिल्याच झटक्याला फाटून लोकांच्या वावरात गेली होती.

उत्तराने स्क्रूची पाकिटं मागवली. बसायला सांगितलं. मग सहज विचारायचं म्हणून विचारलं, "त्या नाही आल्या आज? मागच्या टायमाले तुमच्यासंगं होत्या त्या."

"पुष्पलताबाई गेली."

"कुठं?"

प्रेमिलाने तिच्याकडे पाहिलं. "गेली ताई. वारली."

हमाल पाकिटं घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून गेला.

"जाळी उडाल्यावर आमी पाळ्या लावल्या होत्या," प्रेमिला सांगू लागली. "दोन गाळे उघडे, तिथं रोज येगयेगळ्या बायांनी बसाचं. त्या दिवशी तिची पाळी नव्हती. पण एकीचं लेकरू तापानं फणफणलं होतं, तिले हिनं आपली जागा देली. म्हणे, मले सवय आहे. दुपारी बोलणं बंद झालं तं आमाले वाटलं, डुलकी लागली असन. बसल्या बसल्याच झोपाची तिची आदतच होती. ढिगाले टेकून बसली होती. हात लावला तं अंग तव्यासारखं. दवाखान्यात नेलं, त्याहीनं लगेच अॅम्बुलन्स करून देली, नागपूरले न्या म्हणे. रस्त्यातच गेली."

उत्तराने स्क्रूची पाकिटं पुढे ओढली.

"मी तुमाले बोल लावून नाही राहिले," प्रेमिला म्हणाली. "तुमी विचारलं म्हणून सांगतलं. किती झाले याचे?"

उत्तराने किती झाले ते सांगितलं. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आवाज रोजच्यासारखाच निघाला होता, कुठेही न अडखळता. प्रेमिलाने पैसे दिले, पाकिटं पिशवीत टाकली, "येतो, जय भीम" म्हणाली आणि एसटी पकडायला गेली. उत्तरा केबिनमध्ये बसून पाणी प्यायली. ती वाट पाहत होती, आता काहीतरी होईल म्हणून. समोर फोन वाजला. तिने उचलला.

संध्याकाळी मुकुंद तिच्या आधी घरी आला होता. पहिला पूर्ण पगार झाला होता. त्याने संत्रा बर्फी आणली होती आणि तिच्यासाठी निळी साडी. ती साडी तिने हातात घेतली, पदर उलगडून पाहिला, घडी घातली. बर्फीचा तुकडा खाल्ला.

"काहून गप्प आहेस?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. सगळं, पहिल्या फोनपासून. मुकुंद ऐकत गेला. बर्फीच्या डब्याचं झाकण त्याने लावलं, पुन्हा काढलं.

"तुनं नाही केलं ते," तो म्हणाला.

"मी म्हटलं का मी केलं म्हणून?"

"कर नसता लागला तर मी अजूनही घरीच बसून असतो."

"हो."

"मंग मी काय करू? काम सोडू?"

"नाही हो. काहून सोडता?"

"मंग तू सांगून काहून राहिली मले?" त्याचा आवाज चढला होता, आणि तो चढला याचं त्यालाच वाईट वाटल्यासारखं झालं.

"तुमी विचारलं," ती म्हणाली.

तो उठून गॅलरीत गेला. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. बऱ्याच वेळाने आत येऊन तो म्हणाला, "म्हातारी कशी होती?" उत्तराने आठवून सांगितलं, तिला कुलर आवडला होता. मग दोघं जेवायला बसले.

पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, तसे पत्र्याचे दर जरा नरमले. या वर्षी ते नरमतच गेले. देशातल्या कारखान्यांनी कर लागल्यावर भरपूर माल काढून ठेवला होता आणि घेणारे तेवढे नव्हते. कर होता तिथेच होता, पण दर त्याच्या आधी होते तिथवर खाली आले. दर चढले की दुकानातून फोन जायचे. उतरले की कोणी फोन करत नसे. ज्याला गरज असेल तो येईल आणि विचारेल, मग सांगायचं, अशीच बाजाराची रीत. उत्तरानेही इतक्या वर्षांत कधी केला नव्हता.

एका सकाळी नवा दर आला. तिने तो पाटीवर लिहिला आणि केबिनमध्ये जाऊन भिवापूरचा नंबर लावला.

"प्रेमिलाताई, लकडगंजातून उत्तरा बोलते. पत्रा उतरला आहे."

पलीकडे पावसाचा आवाज येत होता. "काय म्हणता?"

"रेट उतरला. कर लागायच्या पहिले होता तिथं आला आहे. तुमचे दोन गाळे राहिले होते."

उत्तराने फोन लागलाय की कटलाय ते पाहिलं.

"आता उतरला होय?" प्रेमिला म्हणाली. त्यात राग होता की नाही ते कळलं नाही. "आता तं सातरा बंद आहे. मिरची नाही, बाया धानाच्या रोवणीले गेल्या."

"तरी घेऊन ठेवा. पुढं चढन. तुमचा माल मी आजच्याच रेटनं काढते, याच आठवड्यात गाडी करा."

"बायांले विचारतो," प्रेमिला म्हणाली आणि संध्याकाळी उलटा फोन करून हो म्हणाली.

गिरिधर शेठ काउंटरवर उभे राहून ऐकत होते. "उतरल्याचा फोन आपण नाही करत, बाई," ते म्हणाले. रागाने नाही, हिशेबातली चूक दाखवावी तसं.

"मालूम आहे."

"सगळ्यांले केला?"

"नाही. एकच."

शेठनी चष्मा पुसला. गटाने छपराचा पत्रा कमी घेतला आणि पुढे काय झालं हे त्यांच्या कानावर होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. "ठीक आहे, एक चालते," म्हणून ते गोदामाकडे गेले.

थंडी पडू लागली तेव्हा प्रेमिलाने निरोप धाडला. पहिली मिरची आली आहे, एखाद्या रविवारी येऊन जा. उत्तरा जाणार नव्हती. मुकुंदच म्हणाला, चल जाऊ, मोटारसायकल काढतो. तिने निळी साडी नेसली.

सातरा गावाबाहेर होता. लाल ढीग दुरूनच दिसत होते आणि शिंका त्याच्याही आधी सुरू झाल्या. छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरं झालं होतं. पण खाली कोणी नव्हतं. सकाळचा गारठा होता, तेव्हा बायांनी आपापले ढीग ओढून बाहेर उन्हात मांडले होते आणि पाठी शेकत देठ खुडत बसल्या होत्या. प्रेमिला हसली. "उन्हाळ्यात बसतीन सावलीत," ती म्हणाली. "आता कोण बसते गारठ्यात!"

मुकुंद छपराखाली शिरला होता. त्याने मान वर करून पत्र्याचा आतला भाग न्याहाळला, बोटाच्या पेराने ठोकून पाहिला. नव्या दोन गाळ्यांपाशी तो जास्त वेळ थांबला. रंगावर काहीतरी बारीक छापलं होतं.

"हा बाहेरचा आहे," तो उत्तराला हळू आवाजात म्हणाला. "कर लागूनही आलाच हा."

"चांगला आहे का?"

"चांगला आहे." त्याने पुन्हा वर पाहिलं. "आमच्यापेक्षा थर थोडा पातळ. पण चांगला आहे."

उत्तराने प्रेमिलाला विचारलं, पुष्पलताबाई कुठे बसायच्या. प्रेमिलाने हाताने दाखवलं. तिथे एका तरुण बाईने आपल्या चपला आणि डबा ठेवला होता. उत्तरा तिथे थोडा वेळ उभी राहिली. जमीन शेणाने सारवलेली होती, मिरचीचं बी पडलेलं होतं. बाकी काही नव्हतं. मग बायांनी जेवायला बोलावलं, भाकरी आणि वांग्याची भाजी होती, आणि ती त्यांच्यात जाऊन बसली. एकीने विचारलं, फोनवरची ताई ती तुमीच का? आवाज येगळा वाटतो, ती म्हणाली. उत्तरा म्हणाली, फोनवर तसाच येतो.

परतताना उमरेडला मुकुंदने गाडी टपरीपाशी उभी केली. चहा आला. तो ग्लास दोन्ही हातांत धरून बसला.

"उद्यापासून हप्त्यात तीनच दिवस बोलावलं आहे, सोमवार ते बुधवार," तो म्हणाला. "ऑर्डर नाही म्हणते. बाकीच्या दिवसांचा पगार नाही."

"मालूम होतं."

"कोणं सांगतलं?"

"कोणी नाही. रेट उतरलेच होते ना."

मुकुंदने मान हलवली. रस्त्यावरून सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक गेला, त्याच्या मागे धूळ. चहा गोड होता, दोघांनी तो संपवला.

"मिक्सरचा आवाज पुन्हा येऊन राहिला," उत्तरा म्हणाली.

"पाहतो," तो म्हणाला. "गुरुवारी पाहतो."

तिने पदर खोचला आणि मागे बसली. त्याने किक मारली.